वळिवडे ते वॉर्सा : मेलेली माणसं मोजायची कशी?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ना' थोडे कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

मी बोलतोय संग्रामपूरहून, जिल्हा बुलढाणा. आजचा विषय पोलंड आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. पोलंडला आपण आपल्याच रेल्वेने जाणार आहोत.

शेगावला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की ती गाडी पुणे, मिरज करत थेट कोल्हापूरला नेते. कोल्हापूर यायच्या जरा आधी वळिवडे नावाचं एक लहानसं स्टेशन लागतं. खिडकीतून दिसलं तरी लक्षात राहणार नाही असं. पण १९४३ ते १९४८ या काळात इथे जवळपास ५,००० पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. पंचगंगेच्या काठच्या या गावाजवळ बराकींच्या रांगा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, शाळा होत्या, नाटकं व्हायची. भारतातली ही पोलिश लोकांची सगळ्यात मोठी वसाहत.

आता यावर तुम्ही एखादं रील पाहिलं असेल. मागे ढोल-ताशा, आणि मजकूर असा की जगाने दारं बंद केली तेव्हा आपल्या महाराजांनी पोलंडच्या अनाथ मुलांना आसरा दिला. ऐकायला छान वाटतं आणि त्यात खरंही बरंच आहे. पण दोन वेगळ्या गोष्टींची त्यात भेळ झालीय. अनाथ मुलांची छावणी होती गुजरातेत, जामनगरजवळ बालाचडीला, १९४२ ते १९४६. तिथे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी स्वतः पुढाकार घेतला होता. वळिवड्याचं प्रकरण वेगळं. कोल्हापूरचे राजाराम महाराज १९४० सालीच वारले होते आणि १९४३ मध्ये गादीवर दोन वर्षांचं लहान मूल होतं. त्यामुळे ही छावणी उभी राहिली ती भारतातलं इंग्रज सरकार, लंडनमध्ये परागंदा असलेलं पोलिश सरकार, मुंबईतले पोलिश वकील आणि कोल्हापूर संस्थानाचा कारभार यांच्यातल्या व्यवहारातून. खर्चाचा भार पोलिश सरकारच्या नावावर होता. जागा संस्थानची, बाजार आपला, भाजी-दूध आजूबाजूच्या गावांचं. माणुसकी होतीच, पण कागदपत्रंही होती.

हे मी कुणाचा मोठेपणा कमी करायला सांगत नाहीये. मुद्दा असा की रीलमध्ये आपण दिसतो, पण ती माणसं दिसत नाहीत. ती इथे आली कशी? त्यांच्यावर काय गुजरलं होतं? आणि ज्यांच्यावर गुजरलं ते किती होते, हे नंतर कुणी आणि कसं मोजलं? आजचा एपिसोड या मोजणीबद्दल आहे.

दोन बाजूंनी आलेले दोन शेजारी

२३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलरचा जर्मनी आणि स्टालिनचा सोव्हिएत संघ यांनी एक करार केला. एकमेकांवर हल्ला करणार नाही, असा. त्याला एक गुप्त जोडपत्र होतं, ज्यात मधला पोलंड वाटून घ्यायचं ठरलं होतं. १ सप्टेंबरला जर्मन सैन्य पश्चिमेकडून घुसलं आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून. त्या गुप्त जोडपत्राचं अस्तित्व सोव्हिएत संघाने अधिकृतपणे मान्य केलं ते डिसेंबर १९८९ मध्ये. मधे तब्बल पन्नास वर्षं गेली. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

जर्मन बाजूला काय झालं? ६ नोव्हेंबर १९३९ ला क्राकूव्ह शहरात प्राध्यापकांना एका व्याख्यानाला म्हणून बोलावलं आणि तिथूनच पकडून छावणीत पाठवलं. विद्यापीठं बंद, पोलिश मुलांसाठी वरच्या वर्गांच्या शाळा बंद. शिकवणारे लोक घराघरात चोरून वर्ग घ्यायचे आणि सापडले तर जीव जायचा. पंधरा लाखांहून जास्त पोलिश लोकांना जर्मनीत सक्तीच्या मजुरीला नेलं. ज्यू लोकांना आधी भिंतीआड कोंडलं आणि मग ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक, आउशविट्झ अशा मृत्यूछावण्यांत नेऊन मारलं. एकट्या वॉर्साच्या ज्यू वस्तीत, म्हणजे घेट्टोमध्ये, चार लाखांहून जास्त माणसं कोंडलेली होती.

१ ऑगस्ट १९४४ ला वॉर्सा शहर उठलं. ६३ दिवस लढलं. साधारण दीड ते दोन लाख सामान्य नागरिक मेले, आणि नंतर जर्मनांनी उरलेलं शहर घर-घर करून उद्ध्वस्त केलं.

वळिवड्याची माणसं मात्र दुसऱ्या, सोव्हिएत बाजूची. फेब्रुवारी १९४०, एप्रिल १९४०, जून १९४० आणि १९४१ चा उन्हाळा अशा चार लाटांमध्ये स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना उचललं. रात्री दार वाजायचं, थोडा वेळ मिळायचा, हाताला लागेल ते बांधायचं आणि मालगाडीच्या डब्यात बसायचं. फेब्रुवारीच्या लाटेत शेतकरी वसाहतवाले आणि जंगलखात्याचे लोक होते, त्यांना कडाक्याच्या थंडीत उत्तर रशियात आणि सायबेरियात नेलं. एप्रिलमध्ये ज्यांच्या घरातला पुरुष आधीच अटकेत होता अशी कुटुंबं, म्हणजे मुख्यतः बायका-मुलं, कझाकस्तानला. जूनच्या लाटेत जर्मनांपासून पळून आलेले निर्वासित होते, आणि त्यात बहुसंख्य ज्यू.

एप्रिलमध्ये उचललेल्या कितीतरी बायकांना आपला नवरा कुठे आहे हे माहीत नव्हतं. त्याच वसंतात स्टालिनच्या हुकमावरून सुमारे २२,००० पोलिश कैदी गोळ्या घालून मारले गेले. लष्करी अधिकारी, पोलीस, डॉक्टर, शिक्षक. कातीनच्या जंगलातल्या कबरींमुळे या सगळ्या हत्याकांडालाच कातीन म्हणतात. त्या कबरी जर्मनांनी एप्रिल १९४३ मध्ये जगाला दाखवल्या. सोव्हिएत संघाने उलट जर्मनांवर आळ घेतला आणि पोलिश सरकारशी संबंधच तोडले. त्याच वर्षी इकडे वळिवड्यात निर्वासित उतरत होते.

माफी, पण कोणत्या गुन्ह्याची?

ती माणसं सुटली कशी? जून १९४१ मध्ये हिटलरने आपल्याच दोस्तावर, सोव्हिएत संघावर, हल्ला केला. आता स्टालिनला सैनिक हवे होते. ३० जुलै १९४१ ला लंडनमध्ये पोलिश सरकारशी करार झाला आणि हद्दपार पोलिश लोकांना 'माफी' जाहीर झाली. शब्द बघा, माफी! गुन्हा काय होता, ते कुणी सांगितलं नाही.

कोठडीतून सुटलेल्या जनरल अँडर्स यांनी सैन्य उभारायला घेतलं. बातमी पसरली तशी माणसं सायबेरियातून, कझाकस्तानातून हजारो किलोमीटर दक्षिणेला निघाली. भूक, टायफस, आमांश. १९४२ मध्ये, आधी मार्च-एप्रिल आणि मग ऑगस्टमध्ये, कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे १,१५,००० लोक इराणच्या पहलवी बंदरात पोचले. त्यात साधारण ३७,००० सामान्य नागरिक होते आणि त्यातही खूप मुलं. पोचले म्हणजे वाचले असं नव्हे. तेहरानच्या दौलाब कब्रस्तानात आजही सुमारे १,९०० पोलिश कबरी आहेत.

इराणहून पुढे वाटा फुटल्या. कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी न्यूझीलंडला, कुणी मेक्सिकोत, आणि बरेच जण कराचीमार्गे भारतात. त्यातलेच हे ५,००० वळिवड्याला आले. ज्यांनी उणे तीस-चाळीस तापमान पाहिलं होतं, ती मुलं आता कोल्हापूरच्या उन्हात अनवाणी खेळत होती.

आणि युद्ध संपल्यावर? १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला. म्हणजे वळिवड्यातल्या बहुतेकांचं गाव आता पोलंडमध्ये उरलंच नव्हतं. ते गेलं युक्रेनमध्ये, बेलारूसमध्ये, लिथुआनियात. युद्ध जिंकणाऱ्यांच्या बाजूने होती ही माणसं, तरी घर गमावून बसली. १९४७-४८ मध्ये त्यातले बरेचसे इंग्लंडला गेले, काही पोलंडला, काही ऑस्ट्रेलियाला आणि इतर देशांत. मग फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं त्याच जागी राहायला आली. त्या वस्तीचं नाव गांधीनगर. आज कपड्यांच्या होलसेल बाजारासाठी अख्खा दक्षिण महाराष्ट्र तिथे जातो. एका निर्वासितांनी सोडलेल्या बराकीत दुसरे निर्वासित आले, आणि दोघांच्याही आधीच्या गावाचा नकाशा दुसऱ्याच कुणीतरी बदललेला होता.

आकड्यांची गोष्ट

आता मुद्द्यावर येऊ. पोलंडचे किती लोक मेले?

१९४७ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने आकडा दिला : ६०,२८,०००. शेवटच्या हजारापर्यंत नेमका. हा आकडा चाळीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांत, भाषणांत, स्मारकांवर वापरला गेला. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्यामागे हिशेबापेक्षा राजकीय निर्णय जास्त होता. शिवाय तो फक्त जर्मनांच्या हातून झालेल्या हानीचा होता. सोव्हिएत बाजूचे मेलेले त्यात नव्हतेच. कसे असतील? मॉस्को आता मित्र होतं. कातीनचा दोष जर्मनांवर ठेवलेला होता, आणि वेगळं बोलणाऱ्याला नोकरी, परवानगी, कधी कधी स्वातंत्र्यही गमवावं लागायचं. वळिवड्याहून पोलंडला परतलेल्या माणसाने आपलं लहानपण कुठं गेलं ते सांगायचं म्हटलं, तर आधी सायबेरिया सांगावा लागायचा. म्हणून लोक गप्प राहिले.

तिकडे लंडनमध्ये, अमेरिकेत स्थायिक झालेले पोलिश लोक उलटा आकडा सांगायचे. सोव्हिएत संघात हद्दपार झालेले दहा लाख, पंधरा लाख, सतरा लाख. त्यांच्या हातात सोव्हिएत कागद नव्हते. आठवणी होत्या, अंदाज होते आणि राग होता.

मग सोव्हिएत संघ ढासळला. एप्रिल १९९० मध्ये मॉस्कोने कातीनची जबाबदारी मान्य केली आणि १९९२ मध्ये मूळ हुकमाचा कागद बाहेर आला. गुप्त पोलिसांची दफ्तरं उघडली आणि इतिहासकारांनी हद्दपारीच्या गाड्यांची नोंद तपासली. चार लाटांत मिळून आकडा निघाला साधारण ३ लाख २० हजार. अटक झालेले, युद्धकैदी, लाल सैन्यात जबरदस्तीने भरती केलेले हे वेगळे. तरी दहा-सतरा लाख कुठे आणि तीन-सव्वातीन लाख कुठे!

विचार करा, ज्यांनी सायबेरिया भोगला त्यांना काय वाटलं असेल. अनेकांना ते अपमानासारखं वाटलं. ज्यांनी आम्हाला उचललं, त्यांच्याच कागदांवर विश्वास ठेवता? हा प्रश्न रास्त आहे. पोलिसांचं दफ्तर काही देववाणी नाही, आणि काय मोजायचं, काय नाही यावर अभ्यासकांचा वाद आजही आहे. पण त्या कागदांत गाड्यांची नोंद होती, डब्यांची होती, माणसांची होती, आणि एका दफ्तरातली नोंद दुसऱ्या दफ्तरातल्या नोंदीशी जुळत होती. पोलिश इतिहासकारांनी मोठ्या आकड्याचा मोह सोडला. स्वतःच्या राष्ट्राच्या दुःखाचा आकडा कमी करून सांगायला छाती लागते, हे मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात भारी वाटतं.

२००९ मध्ये पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेने एकूण हानीचा नवा अंदाज छापला : दोन्ही कब्जे मिळून ५६ ते ५८ लाख. त्यातले २७ ते २९ लाख ज्यू. सोव्हिएत बाजूचे किमान दीड लाख. युद्धाआधी पोलंडची लोकसंख्या साधारण साडेतीन कोटी होती. म्हणजे दर सहा माणसांत एक. तुमच्या वर्गात साठ पोरं असतील तर दहा बाकावर नाहीत.

आकडा कमी झाला म्हणून दुःख हलकं झालं का? नाही. उलट आता ते कुणाला खोडून काढता येत नाही. फुगवलेल्या आकड्यात एक भोक असतं. विरोधकाला तेवढं भोक पुरतं. तो म्हणतो, हे खोटं, म्हणजे सगळंच खोटं.

दुःखी माणसाच्याही हातून

पण मोजणीने पोलिश लोकांना एक नको असलेली गोष्टही दाखवली. येदवाबने नावाच्या गावात १० जुलै १९४१ ला ज्यू लोकांना एका गोठ्यात कोंडून जिवंत जाळलं होतं. तिथल्या दगडावर लिहिलेलं होतं की हे जर्मनांनी केलं. २००० साली इतिहासकार यान ग्रॉस यांनी 'शेजारी' या नावाचं पुस्तक लिहून मांडलं की हे करणारे त्यांचे पोलिश शेजारी होते. देश हादरला. स्मृती संस्थेने चौकशी केली. जर्मन हात होता, पण प्रत्यक्ष कृत्य करणारे पोलिश रहिवासी होते, असा निष्कर्ष निघाला. मेलेल्यांचा आकडा ग्रॉस यांनी १,६०० धरला होता, चौकशीत किमान ३४० निघाला. म्हणजे आकडा कमी झाला, पण जबाबदारी मात्र सिद्ध झाली. जुना दगड काढला गेला आणि १० जुलै २००१ ला राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्हस्की यांनी तिथे जाऊन जाहीर माफी मागितली.

सगळ्यांना हे पचलं नाही. २०१८ मध्ये पोलिश सरकारने कायदा केला की नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकली तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. त्यामागची एक भावना समजण्यासारखी होती. जर्मनांनी बांधलेल्या छावण्यांना बाहेरचे लोक 'पोलिश छावण्या' म्हणतात, आणि ते खरोखर चूक आहे. पण इतिहासकार काय म्हणणार हे पोलिसांनी ठरवायचं, तर मग जुन्या राजवटीत आणि यात फरक काय? जगभरातून टीका झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये शिक्षेचं कलम मागे घ्यावं लागलं.

ज्याच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्यावर अन्याय करू शकतच नाही, असं काही नसतं. दोन्ही नोंदी एकाच वहीत लिहिता आल्या पाहिजेत.

दुधाच्या किटल्या

या सगळ्यात माझा हिरो एक इतिहासकार आहे. इमॅन्युएल रिंगेलब्लूम. वॉर्साच्या घेट्टोत अडकलेला. त्याने गुपचूप एक गट जमवला आणि लोकांना लिहायला सांगितलं. रेशनची कार्डं, शाळेचे निबंध, नाटकाची तिकिटं, चॉकलेटचे कागद, पत्रं, दवाखान्यांच्या नोंदी, जे मिळेल ते गोळा केलं. मरण समोर दिसायला लागलं तेव्हा हे सगळं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या किटल्यांत भरून जमिनीत पुरलं. रिंगेलब्लूमला १९४४ मध्ये मारलं. गटातल्या साठेक लोकांपैकी तीनच वाचले. त्यांच्या सांगण्यावरून १९४६ मध्ये ढिगाऱ्याखालून पेट्या निघाल्या आणि १९५० मध्ये किटल्या. तिसरा साठा अजून सापडलेला नाही. मिळालं ते सुमारे ३५,००० पानं.

सोव्हिएत बाजूनेही असंच काही झालं. अँडर्सच्या सैन्याबरोबर बाहेर पडलेल्या लोकांकडून हजारो जबान्या लिहून घेतल्या गेल्या. लहान मुलांना शाळेत निबंध लिहायला लावले : तुम्हाला कसं नेलं, तिथे काय खाल्लं, घरातलं कोण गेलं. त्या वह्या आज अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हूव्हर संस्थेत आहेत. म्हणजे दफ्तरं उघडायच्या पन्नास वर्षं आधी त्या मुलांनी आपली बाजू लिहून ठेवली होती. सरकारी कागद आला तेव्हा त्याला जोडून बघायला काहीतरी होतं.

आणि मग नावं. पोलंडमध्ये कार्ता नावाच्या संस्थेने १९८८ पासून सोव्हिएत दडपशाहीत सापडलेल्यांची नाववार सूची करायला घेतली. पुढे जर्मन कब्जातल्या बळींसाठीही तसाच डेटाबेस सुरू झाला. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून यातली डोकेदुखी मला कळते. एकच माणूस. सोव्हिएत कागदावर त्याचं नाव रशियन लिपीत, बापाच्या नावासकट. जर्मन छावणीच्या वहीत रोमन लिपीत, जर्मन कारकुनाला ऐकू आलं तसं. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आणखी वेगळं. तीन नोंदी म्हणजे तीन माणसं की एक? चुकून तीन धरलीत तर आकडा फुगतो. तीन वेगळ्या माणसांना एक धरलंत तर दोघं पुन्हा मेली. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं असतं. एका जिवंत माणसाचा मेळ घालताना आपण टेकीला येतो, तिथे हे लोक लाखो मेलेल्यांचा मेळ घालत बसलेत. अजूनही.

आणि आपलं १९४३?

आता जरा आपल्याकडे वळा. वळिवड्याची छावणी सुरू झाली ते साल होतं १९४३. त्याच साली, त्याच इंग्रज सरकारच्या राज्यात, बंगालमध्ये दुष्काळ पडला. वळिवड्याच्या निर्वासितांना धान्य मिळालं ते योग्यच होतं, त्यांनी कुणाच्या तोंडचा घास काढला नाही. पण बंगालात माणसं रस्त्यावर मरत होती. किती मेली? १९४५ च्या सरकारी चौकशी आयोगाने सांगितलं साधारण १५ लाख. नंतरच्या अभ्यासकांनी २० लाखांच्या वर सांगितलं. अमर्त्य सेन यांचा अंदाज ३० लाखांच्या आसपास.

हे बघा. पोलंडच्या अंदाजात वरचा आणि खालचा आकडा यात दोन लाखांचा फरक आहे. आपल्या बंगालच्या अंदाजात पंधरा लाखांचा. पंधरा लाख माणसं होती की नव्हती, हेच आपल्याला नक्की सांगता येत नाही. आणि नावं? मेलेले बहुतेक भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर. त्यांची नाववार सूची करायला कुणी कार्ता बसली नाही.

वळिवड्याचीसुद्धा आठवण टिकली ती मुख्यतः तिथे वाढलेल्या मुलांमुळे. मोठेपणी त्यांनी लंडनमध्ये भारतातल्या पोलिश लोकांची संघटना काढली, एकमेकांचे फोटो-पत्रं गोळा केली, जाडजूड पुस्तक छापलं आणि कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये १९९८ साली स्मारक उभं केलं. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यातले काही जण, ऐंशी-नव्वदीचे, पुन्हा वळिवड्याला आले आणि तिथे स्मृतिस्तंभाचं उद्घाटन झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी वॉर्साला गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकावर फुलं वाहिली गेली, आणि मग आपल्याकडे रील आली. म्हणजे आपल्या चांगुलपणाची नोंदही आपण ठेवली नाही. पाहुण्यांनी ठेवली.

आमचा संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यातला. खारं पाणी आणि किडनीचा आजार हे इथे नवीन नाही. कोण गेलं विचारलं तर पारावर बसलेला म्हातारा माणूस गल्लीनुसार नावं सांगतो. किती गेले विचारलं तर तीन जण तीन आकडे सांगतात. ही तुलना नरसंहाराशी नाही, कृपया तशी समजू नका. पण नावं माहीत असणारी माणसं म्हातारी होत चाललीत, आणि पारावरची आठवण म्हणजे बॅकअप नसलेला सर्व्हर. हे मला रोज दिसतं.

म्हणून या एपिसोडनंतर तुम्हाला एकच काम. वळिवड्याचं रील फॉरवर्ड करायचं तर जरूर करा, पण सोबत एक ओळ लिहा की ही माणसं सायबेरियातून आली होती आणि त्यांना तिथे कुणी नेलं होतं. आणि घरात आजी-आजोबा असतील तर फोनचा रेकॉर्डर चालू करा. बहात्तरचा दुष्काळ, एखादी साथ, एखादा पूर, गाव सोडून जाणं, काहीही. फक्त तीन गोष्टी नक्की विचारा : नाव काय होतं, गाव कोणतं, साल कोणतं. साल आठवत नसेल तर त्या वर्षी कुणाचं लग्न झालं ते विचारा, त्यावरून निघतं. त्यांना आकडा मोठा करून सांगावासा वाटला तर सांगू द्या, तुम्ही मात्र नावं मोजा.

पुढच्या एपिसोडमध्ये गांधीनगरच्या सिंधी बाजाराची गोष्ट करू. तुमच्यापैकी कुणी तिथलं असेल तर घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारून ठेवा.